पांढऱ्या फडक्यातला गठ्ठा

मी एक जुना कागदांचा गठ्ठा आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. वाघ भित्रा निघाला तर त्याने लाजावं, कागदाने कशाला? मी आगीला भितो, पाण्याला भितो, वाळवीला आणि उंदराला भितो. कुणी बोटाला थुंकी लावून माझं पान उलटलं तरी मी अंग चोरतो. आता मी म्हैसूरच्या दप्तरखान्यात लोखंडी कपाटात सुरक्षित आहे. तरी कपाटाचं दार वाजलं की मला पहिल्यांदा रॉकेलचा वास आठवतो. तो का, ते सांगतो.

माझा जन्म झाला तेव्हा आमच्या राज्याचं नावही म्हैसूरच होतं. राज्याचं एक बालसेवा मंडळ होतं आणि त्याची एक कचेरी शहरात होती. या मंडळाकडे स्वतःचा दवाखाना नव्हता, शाळाही नव्हती. त्याचं काम वेगळंच होतं. मुलांना जे मिळायला हवं आणि मिळत नाही ते हुडकून काढायचं, लोकांचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि ज्या खात्याचं ते काम असेल त्या खात्याच्या हात धुऊन मागे लागायचं. वकिलीच म्हणा ना, पण मुलांच्या बाजूची आणि बिनफीची. या कचेरीत सीतालक्ष्मीबाई नावाच्या एक अधिकारी होत्या. त्या अग्रहार नावाच्या भागात राहत, घरी मराठी बोलत आणि छत्री घेऊन सगळीकडे पायी जात. त्यांच्या हातून माझं पहिलं पान लिहिलं गेलं.

त्या दिवशी त्या लष्कर मोहल्ल्यातल्या, घरी मराठीच बोलणाऱ्या शिंप्यांच्या गल्लीत गेल्या होत्या. घराघरातून शिवणयंत्रं चालली होती. शाळेचे गणवेश, परकर, पोलिसांच्या खाकी पँटी यांचे ढीग पडले होते. एका दारात शांताक्का नावाची तरुण बाई यंत्रावर बसली होती. तिचं रांगतं मूल, गुंडू, यंत्राच्या लोखंडी पायाला जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधलेलं होतं. त्याच्या उजव्या तळहातावर भाजल्याची मोठी खूण होती.

“लेकराला असं बांधून का ठेवलंय?” सीतालक्ष्मीबाईंनी विचारलं.

सरकारी बाई आपल्या बोलीत बोलते हे ऐकून शांताक्काचे पाय यंत्रावर थांबले. “काय करू अम्मा, सोडलं की इस्त्रीकडे जातंय. आत निखारे असतात हे त्याला काय गोत्तु? एकदा हात लावला, बघा. आता बांधते. तो रडतो, मी शिवते. मशीन बंद केलं तर घरात चूल इल्ला, पेटायचीच नाही.”

सीतालक्ष्मीबाई उंबऱ्यावर बसल्या आणि तिचा शब्द न शब्द लिहून घेतला. मग शेजारणी आल्या. एकीच्या मुलीने बटण गिळलं होतं. एकीचं बाळ सुईवर बसलं होतं. सगळ्यांनी सांगितलं, खाली अंगठे उठवले. मित्रांनो, जन्मल्या दिवशीच ज्याच्या अंगावर एवढ्या आयांची भीती लिहिली गेली, तो गठ्ठा धीट कसा होणार? मला भित्रा म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

पुढे माझं अंग भरत गेलं. मंडळाने पत्र लिहायचं, खात्याने ‘बाब विचाराधीन आहे’ असं कळवायचं, मंडळाने पुन्हा पत्र लिहायचं. विचाराधीन, विचाराधीन करत मी चांगला गुटगुटीत झालो. दाभणाने भोकं पाडून दर महिन्याला मला नवी पानं जोडली जात. सीतालक्ष्मीबाईही इतक्या चिवट की खात्यातले लोक त्यांची छत्री दिसली की चहाला निघून जात. शेवटी एकदाचा हुकूम आला. लष्कर मोहल्ल्यात शिवणकाम करणाऱ्या बायांच्या मुलांसाठी शिशुविहार, त्याला कौलारू छपराची एक मोठी खोली, मुलं सांभाळायला दोन आया, रोज दूध. आणि हे सगळं कायमचं. सही, शिक्का, तारीख. तो हुकूम माझं शेवटचं पान झाला. गुंडू आणि त्याच्यासारखी पुष्कळ मुलं पट्टीतून सुटली. शांताक्का त्या शिशुविहारातच आया म्हणून लागली.

आता फडक्याची गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्यावरचं संकट त्यातूनच आलं. आमच्या कचेरीत गठ्ठ्याची ओळख त्याच्या फडक्यावरून ठरे. लाल फडक्यातला गठ्ठा कायम राखायचा. पांढऱ्या फडक्यातल्या गठ्ठ्याची मुदत ठरलेली; ती संपली की जाळून टाकायचं. सरकारी कागद बाहेर कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून रद्दीत न देता जाळायचे. मी अर्थातच लाल. कचेरीचं लाल फडकं मात्र विटलेलं होतं. म्हणून गल्लीतल्या बायांनी आनंदाने माझ्यासाठी नवं कोरं, घट्ट विणीचं लाल कापड आणलं आणि शांताक्काने त्याला दुहेरी शिवण घातली. लाल दोरा संपला होता म्हणून तिने पिवळा वापरला. ते पिवळ्या काठाचं फडकं गुंडाळून मी फळीवर बसलो तेव्हा बाकीचे गठ्ठे माझ्यापुढे अगदी गरीब दिसत होते. नवीन कारकुनांना मला दाखवून सांगत, “कडत असा बांधायचा असतो.” कडत म्हणजे कानडीत आम्हीच, फायली. त्या दिवसांत मला भीती जवळजवळ वाटेनाशी झाली होती. पण म्हणतात ना, नव्याचे नऊ दिवस.

म्हैसुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते. ज्या हत्याराने पोट भरतं त्याची त्या दिवशी पूजा. कचेरीतलं टंकयंत्र, शिक्के, टोचे, मंडळाची जुनी जीप, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. जीपपुढे कोहळा फुटतो, दाराला केळीचे खुंट लागतात आणि सगळ्यांना चुरमुरे-डाळ्यांचा प्रसाद मिळतो. सीतालक्ष्मीबाई निवृत्त झाल्या त्याच वर्षीची ही गोष्ट. दप्तराची खोली तेव्हा गुरुराज नावाच्या कारकुनाकडे होती. मोठा देवभोळा आणि मऊ मनाचा माणूस. झुरळ दिसलं तरी पायाने बाजूला सारणारा. चामुंडेश्वरीच्या तसबिरीखाली अंथरायला त्याला लाल कापड हवं होतं. त्याने सगळ्या फळ्या पाहिल्या. एवढं लखलखीत लाल माझ्याच अंगावर होतं.

“थोडं सांभाळून घे हां,” तो मला म्हणाला. “पूजा झाली की तुझं तुला परत.” आणि हाताशी असलेल्या पांढऱ्या फडक्यात त्याने मला बांधलं.

पूजा झाली. फडक्यावर कुंकू सांडलं, फुलं पडली, निरांजनाचं तूप ओघळलं. गुरुराज ते हातात घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. त्याचा जीव दोन्हीकडे ओढला जात होता. “देवीच्या पायाखालचं कापड आता धुळीत कसं बांधू?” तो पुटपुटला. “पाप लागेल.” त्याने ते घडी करून डोळ्यांना लावलं आणि प्रसाद म्हणून घरी नेलं. माझ्यासाठी नव्या लाल कापडाची मागणी त्याने त्याच दिवशी लिहिली. कापड यायच्या आत त्याची दुसऱ्या कचेरीत बदली झाली. इतकंच घडलं. यात दुष्ट कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते. दुष्ट माणसाला पाहून निदान सावध तरी होता येतं.

काही वर्षं मी लाल फळीवर पांढऱ्या फडक्यात भिऊन बसलो. मग एक टापटिपीचा कारकून आला. “हा पांढरा इकडे कसा?” असं म्हणत त्याने मला उचलून पलीकडच्या फळीवर, पांढऱ्यांत ठेवलं. फडकं सोडून आत पाहायला किती वेळ लागतो, मित्रांनो? पण त्याने पाहिलं नाही. कचेरी त्याला व्यवस्थित दिसायला हवी होती, आणि ती दिसत होती.

पांढऱ्या फळीवर माझ्या शेजारी एक सडपातळ गठ्ठा होता. कॉफीच्या मळ्यांतल्या मजुरांच्या मुलांसाठी मंडळाने एकदा चौकशी केली होती, तिचे ते कागद. तिथली मुलं तापाने फणफणत, जवळ दवाखाना नसे, पाऊस लागला की बाहेर पडायला रस्ता नसे. त्यांच्या आयांनीही माझ्यावरच्या आयांसारखंच सगळं सांगितलं होतं. पण ते काम अर्धवट राहिलं. हुकूम काही आला नाही, म्हणून त्याला लाल फडकंही मिळालं नाही. मी रात्रंदिवस कुरकुरत असे आणि तो माझी समजूत काढत असे. “कुणीतरी विचारायला येईल रे,” तो म्हणायचा. “आपल्यात माणसं आहेत. माणसांना माणसं शोधत येतातच.” तो अजिबात भित्रा नव्हता.

आणि खरंच विचारायला आलं. मला.

शिशुविहाराची ती खोली एका खात्याला गोदामासाठी हवी झाली होती. शिशुविहार तात्पुरताच होता, कायमचा असेल तर मूळ हुकूम दाखवा, नाहीतर दसरा झाला की कुलूप लावू, अशी नोटीस आली. खात्याकडची प्रत कधीच वाळवीच्या पोटात गेली होती. उरलो होतो मी. नवरात्र सुरू असताना एका दुपारी दप्तराच्या खोलीत मला ओळखीचे आवाज ऐकू आले. शांताक्काचे केस पिकले होते. सीतालक्ष्मीबाई खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि शांताक्काचा हात धरून चालत होत्या.

“सार, स्वल्प नीट बघा की,” शांताक्का नव्या साहेबांना म्हणत होती. “बत्तीस लेकरं आहेत माझ्याकडं. खोली गेली तर त्यांच्या आया काय करतील सांगू? परत मशीनच्या पायाला बांधतील. मी बांधलंय म्हणून सांगते.”

साहेब भले होते. त्यांनी दोन माणसं लावून लाल फळ्यांवरचा एकेक गठ्ठा सोडायला लावला. मी चार हातांवर होतो. मी इथे आहे, इथे, असं मी अंगातल्या प्रत्येक पानाने ओरडत होतो. पण कागदाचं ओरडणं वाचल्याशिवाय ऐकू येत नाही.

“पांढऱ्यात बघायचं का?” सीतालक्ष्मीबाईंनी विचारलं.

“अम्मा, कायमचा हुकूम पांढऱ्यात कसा असेल?” साहेब समजुतीने म्हणाले. “तसं कधी होत नाही.” सीतालक्ष्मीबाईंनी मान हलवली. नियम त्यांनाही ठाऊक होता. त्याच्यावर त्यांचाही विश्वास होता. त्या दोघी निघून गेल्या. त्यांच्या पावलांचा आवाज व्हरांड्यात कमी कमी होत गेला आणि मी मनातून पार खचलो.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी कचेरी झाडूनपुसून काढायची पद्धत होती. मुदत संपलेले गठ्ठेही तेव्हाच निकालात काढत. दोन शिपायांनी आम्हा पांढऱ्यांना हातगाडीवर घालून मागच्या अंगणात नेलं. माझ्या वर कॉफीमळ्याचा गठ्ठा होता. अंगणात खड्डा खणलेला होता आणि हातगाडी त्याच्या अगदी काठाशी लावली. रॉकेलचा डबा उघडला तो वास मी अजून विसरलो नाही. पहिले गठ्ठे खड्ड्यात पडले, काडी लागली, आणि मी कधी न ऐकलेला आवाज ऐकला. कागद जळताना फार आवाज करत नाही, पण त्याची पानं एकामागून एक सुटी होतात आणि ते ऐकू येतं. ज्वाळेची धग माझ्या कडेला लागली. मला वाटलं, गुंडूला निखाऱ्याजवळ असंच वाटलं असेल. मी एवढा घाबरलो होतो की भीती कुणाची आणि मी कोण हेही मला कळेना.

“भिऊ नकोस,” वरचा गठ्ठा म्हणाला. “येईल कुणीतरी.”

आता तिकडे काय झालं ते मला मागाहून कळलं. कचेरीतून निराश होऊन परतताना सीतालक्ष्मीबाईंना वाटेत गोदाबाई भेटल्या. गुरुराज तोवर निवृत्त होऊन अग्रहारात राहत होता आणि गोदाबाई त्याची बायको. नवरात्रात म्हैसुरात घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. “आमच्याकडं गोंबे बघायला या की, दोघीही,” असं म्हणून गोदाबाईंनी त्यांना दुसऱ्या दिवशी कुंकवाला बोलावलं. शांताक्काला जायचं मन नव्हतं. सीतालक्ष्मीबाई म्हणाल्या, सणाचं बोलावणं मोडू नये.

सगळ्यात वरच्या पायरीवर राजाराणीच्या बाहुल्या होत्या आणि त्यांच्याखाली एक लाल कापड. शांताक्का बाहुल्या पाहायच्या सोडून कापडाकडेच पाहत राहिली. मग पुढे होऊन तिने काठाला हात लावला.

“ही शिवण माझी आहे,” ती म्हणाली. “दोरा नव्हता म्हणून पिवळा घातला. हे तुमच्याकडं कुठून आलं?”

गुरुराज आनंदाने पुढे आला. “अम्मा, हा देवीचा प्रसाद! कचेरीत पूजेला घेतलं होतं. एका कडताचं काढून...” आणि तो मध्येच थांबला. सांगतात की त्याच्या हातातली प्रसादाची वाटी खाली पडली. “अय्यो देवा. मी त्याला पांढऱ्यात बांधलं होतं.”

“उद्या आयुधपूजा. आज पांढरे जाळतात,” सीतालक्ष्मीबाई म्हणाल्या.

चपला घालायचंही भान न राहता ते रिक्षात बसले. अंगणात गुरुराज पहिला शिरला. “बेड! बेड! थांबा!” तो नको नको म्हणत, हात हलवत धावत आला. आग ढोसणाऱ्या शिपायाची काठी हवेतच राहिली. गुरुराज हातगाडीजवळ गुडघे टेकून बसला आणि गाठी सोडू लागला. सगळ्यात वरचा गठ्ठा त्याने घेतला, सोडला, पहिलं पान पाहिलं. “हा नव्हे,” म्हणाला आणि बाजूला ठेवला. मग त्याने मला घेतलं. माझी गाठ सुटली आणि कितीतरी वर्षांनी माझ्या पहिल्या पानावर उजेड पडला. शांताक्काला वाचता येत नव्हतं, पण खालचा तो अंगठा आपला आहे हे तिला कळलं. तिने मला छातीशी धरलं आणि ती मोठमोठ्याने रडू लागली. साहेब धावत आले. त्यांनी हुकूम वाचला, पुन्हा वाचला आणि शांताक्काला हात जोडले. गुरुराज अंगणातल्या धुळीत बसून लहान मुलासारखा हुंदके देत होता. मग मला मिरवत सगळे आत गेले.

शिशुविहाराला कुलूप लागलं नाही. खात्याने हुकूम पाहून नोटीस मागे घेतली. शांताक्काची मुलं त्या कौलारू खोलीत दूध पिऊन दुपारची झोपली. पुढे मंडळाने माझ्यासारखे जुने कागद दप्तरखान्यात दिले. इथे मला पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवलं आहे आणि पेटीत डांबरगोळ्या आहेत. कधी कुणी शिकणारी मुलगी येते, हात पुसून माझी पानं उलटते, काही लिहून घेते. माझी कड जराशी करपलेली आहे तिथे ती थांबते. ते कसं झालं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मित्रांनो, आम्हाला जपा असं सांगायला मी हे सगळं बोलत नाही. जपणारे मला पुष्कळ भेटले. लाल कापड देणाऱ्या बाया मला जपत होत्या, गुरुराजसुद्धा मला जपत होता. मला एवढंच म्हणायचं आहे की टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. आणि कुणी शोधत आलं नाही म्हणून आत कुणी नाही असं समजू नका. कारण त्या दिवशी मला मिरवत आत नेलं तेव्हा हातगाडीवरचे बाकीचे गठ्ठे तिथेच होते. शिपायांवर कुणाचा राग नाही. त्यांना काम उरकायचं होतं. आतल्या आनंदात कुणालाच अंगणाची आठवण झाली नाही. मी सीतालक्ष्मीबाईंच्या मांडीवर होतो, खिडकीतून धूर दिसत होता, आणि बाजूला ठेवलेला कॉफीमळ्याचा गठ्ठा आगीतून वाचवा असं कुणी सांगेल म्हणून मी वाट पाहत होतो. कुणी सांगितलं नाही. मला सांगता येत नव्हतं.

त्याच्या पहिल्या पानावर एका मुलीचं नाव होतं. फळीवर असताना त्याने मला ते कितीदा तरी सांगितलं होतं. मी ते आठवायचा रोज प्रयत्न करतो. पण कागदाला कायमचं फक्त स्वतःवर लिहिलेलंच आठवतं, ऐकलेलं एकेक करून पुसत जातं, आणि ते नाव माझ्यावर कुणी लिहिलेलं नाही.